'लाइन' बंद आहे, पण कोणती?

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

'लाइन बंद आहे' हे वाक्य या शहरात दिवसभरात किती वेळा आणि किती अर्थांनी उच्चारले जाते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पंखा थांबलेल्या घरात त्याचा अर्थ वीज गेली असा होतो. नळाखाली बादली लावून बसलेल्या गृहिणीच्या तोंडी तेच वाक्य पाण्याविषयीचे असते. वाळूजच्या कारखान्यातील कामगार ते उच्चारतो, तेव्हा यंत्रांची जुळणीसाखळी थांबलेली असते. रेल्वे स्थानकावर त्याचा अर्थ रूळ असा होतो, तर बँकेच्या काउंटरवर संगणकाची जोडणी असा. वाक्य एक, शब्द तेच. मात्र प्रत्येक वेळी बंद पडलेली वस्तू वेगळी.

इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द शेकड्यांनी मोजता येतील. 'टेबल', 'पेन', 'सायकल' हे शब्द आपापली वस्तू सोबत घेऊन आले आणि त्या वस्तूपुरतेच राहिले. 'लाइन' मात्र तसा राहिला नाही. रेषा, ओळ, रांग, तार, दोरी, वाहिनी, मार्ग, व्यवसाय आणि वळण अशा अनेक मराठी शब्दांच्या जागी तो आज बिनदिक्कत बसतो. त्यात मराठीचे नुकसान किती आणि सोय किती, हा वाद जुना आहे. त्याहून निकडीचा प्रश्न असा, की या एका शब्दाची संदिग्धता आपल्याला नेमकी कोठे महागात पडते? बोलण्या-चालण्यात ती सहज खपून जाते. तक्रार नोंदविताना, सरकारी सूचना वाचताना आणि विशेषतः विजेच्या खांबाजवळ उभे असताना मात्र ती खपत नाही.

जवसाच्या धाग्यापासून सुरुवात

या शब्दाचे मूळ शोधत गेल्यास मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या ओळखीचे एक पीक भेटते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. लॅटिन भाषेत जवसाच्या झाडाला 'लिनम' म्हणतात. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूंचा धागा तो 'लिनिया'. या धाग्यापासून विणलेले कापड म्हणजे आजही बाजारात मिळणारे लिनन. आपल्याकडे जवस घेतले जाते ते मुख्यतः तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपात त्याच झाडाच्या निराळ्या वाणांपासून धागा काढला जात असे. हा ताणलेला धागा म्हणजे सरळपणाचे माप. त्यावरून सरळ आखलेली रेघ, मग अक्षरांची ओळ, माणसांची रांग असा अर्थविस्तार होत गेला. लॅटिनमधून काही अंशी थेट आणि काही अंशी फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत उतरला.

मराठीलाही ही कल्पना परकी नाही. सरळ वागणाऱ्या माणसाला आपण 'सुतासारखा सरळ' म्हणतो. तेथेही सरळपणाचे माप धागाच आहे. 'सूत्र' हा शब्दही धाग्यावरूनच नियम, वचन आणि पुढे गणितातील सूत्र इथपर्यंत पोहोचला. बांधकामावरील गवंडी भिंत सरळ चढविण्यासाठी जी दोरी ताणतो, तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. या जोडशब्दात मूळ अर्थ दोनदा आला आहे: दोरीला दोरीच म्हटले आहे, एकदा इंग्रजीतून आणि एकदा मराठीतून. पायाची आखणी करताना जमिनीवर फक्कीने रेघा मारतात, त्याला 'लाइनआउट' म्हणतात. हिमरू आणि पैठणीच्या या परिसरात धाग्यावरून आलेला शब्द इतका रुळावा, हा योगायोग म्हटला तरी तो शोभून दिसतो.

छावणी, रूळ आणि खांब

'लाइन' मराठी मुलखात आला तो पुस्तकांतून नव्हे, तर लष्कर, रेल्वे, टपाल-तार आणि वीज या खात्यांच्या मागोमाग. इंग्रजी फौजेच्या छावणीत तंबू आणि बराकी ओळीने मांडलेल्या असत. त्या ओळींना 'लाइन्स' म्हणत. सैन्याबाहेरील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीला 'सिव्हिल लाइन्स' हे नाव पडले. नागपुरात ते आजही कायम आहे. पोलिसांच्या चाळींना सर्वत्र 'पोलीस लाइन' म्हटले जाते. तेथील घरे आता बहुमजली झाली असली, तरी नावातील तंबूंची ओळ टिकून आहे.

मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. १९००च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू केला आणि औरंगाबाद रेल्वेच्या नकाशावर आले. १९९०च्या दशकात मनमाडकडून येणारा मार्ग ब्रॉडगेज झाला. जुन्या लोकांच्या बोलण्यात त्यावरून 'छोटी लाइन' आणि 'मोठी लाइन' असे दोन कालखंडच तयार झाले. मुंबईत याच शब्दाने पत्ता सांगितला जातो. 'तुम्ही कोणत्या लाइनला राहता?' या प्रश्नाचे उत्तर तेथे वेस्टर्न, सेंट्रल किंवा हार्बर असे असते. गावाकडून प्रथमच गेलेल्या पाहुण्याला मात्र हा प्रश्न गोंधळात टाकतो.

रेल्वेच्या भाषेत हा शब्द किती काटेकोर आहे, हे पाहण्यासारखे आहे. 'लाइन क्लिअर' या दोन शब्दांना तेथे नियमांचे बळ आहे. पुढच्या स्थानकाने आपल्यामधील मार्ग मोकळा असल्याची परवानगी दिल्याशिवाय स्थानकप्रमुख गाडी सोडू शकत नाही. एकेरी मार्गावर पूर्वी या परवानगीची खूण म्हणून धातूचा गोळा चालकाच्या हाती दिला जाई. गोळा हाती नाही, तर गाडी पुढे नाही. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, यासाठी ही व्यवस्था होती. ज्या व्यवसायात शब्दावर जीव अवलंबून असतो, तेथे त्याचा अर्थ एकच ठेवण्याची काळजी घेतली जाते, हे येथे ध्यानात ठेवावे.

मराठीने दिलेले स्त्रीलिंग

परका शब्द भाषेत मुरला की नाही, हे त्याच्या व्याकरणावरून ओळखता येते. इंग्रजीत 'लाइन'ला लिंग नाही. मराठीत आल्यावर त्याला एक लिंग घ्यावेच लागले आणि कोणी ठरवून न देताही तो सर्वत्र स्त्रीलिंगी झाला. ती लाइन, मोठी लाइन, लाइन लागली. रेषा, ओळ, रांग, तार, दोरी, वाहिनी, पंगत हे ज्या शब्दांच्या जागी तो बसला, ते सारे स्त्रीलिंगीच आहेत; त्यामुळे दुसरा पर्याय सुचण्याचे कारणच नव्हते. पुढे त्याला विभक्तीचे प्रत्यय लागले. भिंत-भिंतीत, तसे लाइन-लाइनीत. भिंत-भिंती, तसे लाइन-लाइनी. खेड्यांतील वृद्धांच्या तोंडी 'लैन' झालेला हा शब्द परका आहे, असे त्यांना सांगूनही पटणार नाही.

क्रियापद बदलले की अर्थ बदलतो, ही तर खास मराठी किमया. लाइन लावणे म्हणजे रांगेत उभे राहणे, लाइन मोडणे म्हणजे रांगेची शिस्त मोडून मध्ये घुसणे आणि लाइन ओढणे म्हणजे वीज किंवा पाण्याची जोडणी लांबवर नेणे. लाइनवर आणणे म्हणजे बिघडलेल्या मुलाला वळण लावणे. लाइन बदलणे म्हणजे धंदा बदलणे; 'तो या लाइनीतला नाही' असे म्हटले की त्या व्यवसायाची माहिती नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. लाइन मारणे या प्रयोगाचा अर्थ महाविद्यालयाच्या आवारात कोणाला विचारण्याची गरज पडत नाही. लाइनवर आणणे किंवा लाइन मारणे यांचे शब्दशः इंग्रजी भाषांतर करून एखाद्या इंग्रजाला ऐकविल्यास त्याला काहीच उमगणार नाही. शब्द इंग्रजी असला, तरी हे प्रयोग आपल्या मातीत घडले आहेत.

एकाच घरातील तीन भाऊ 'लाइनवर आहेत' असे सांगितले, तर पहिला महावितरणचा कर्मचारी म्हणून खांबावर, दुसरा वाळूजच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यासमोर आणि तिसरा दूरध्वनीच्या पलीकडे असू शकतो. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर आसपासच्या खेड्यांतील तरुण मोठ्या संख्येने कारखान्यांत गेले आणि तिथली 'लाइन' त्यांच्याबरोबर घरी आली. शेतात पेरणीची ओळ सरळ धरणाऱ्या बापाचा मुलगा 'आज लाइनवर माणूस कमी होता' असे म्हणू लागला.

मराठी शब्द कोठे अधिक नेमके?

एवढ्या अर्थांना एकच शब्द वापरताना आपण काय गमावतो, हेही पाहावे लागेल. मराठीत रेषा आखली जाते, ओळ मांडली जाते आणि रांग लागते. अक्षरांची, घरांची, झाडांची असते ती ओळ. माणसांची, मुंग्यांची आणि अजिंठ्यासारख्या डोंगरांची ती रांग. जेवायला बसलेल्यांची पंगत होते. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनासाठी तासन्तास उभ्या राहणाऱ्या वारकऱ्यांची 'दर्शनबारी' असते. बारी या शब्दात रांगेसोबत आपली पाळी येण्याची वाट पाहणेही आले. 'मंदिरात लाइन होती' म्हटल्याने यातील काहीच सांगितले जात नाही.

खेळाच्या मैदानाने ही नेमकी भाषा चांगली जपली आहे. कबड्डीत मध्यरेषा, निदानरेषा आणि बोनसरेषा या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि तेथून बोनसरेषा एक मीटरवर असते. चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडली का, यावर तो बाद की नाही हे ठरते. तेथे नुसते 'लाइन ओलांडली' म्हणून भागत नाही. देशाच्या सीमेवरही असाच काटेकोरपणा आहे. काश्मीरमधील १९४९ची युद्धबंदी रेषा वेगळी आणि १९७२च्या सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा वेगळी. ही रेषा आणि आंतरराष्ट्रीय सीमा यांत गल्लत केल्यास बातमीच चुकते. दारिद्र्यरेषेचेही तसेच आहे. ती कागदावर आखलेली असली, तरी आपण तिच्या अलीकडे की पलीकडे, यावर कुटुंबाच्या शिधापत्रिकेचा रंग अवलंबून असतो.

पाण्याची लाइन

या शहरासाठी सर्वांत जिव्हाळ्याची लाइन पाण्याची आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खडकी वसविताना डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी शहरात आणण्यासाठी जी व्यवस्था उभारली, तिला 'नहर' हे नाव होते. जमिनीचा उतार हेच तिचे बळ. उपसण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नव्हते. पाणचक्कीत आजही पाहता येणारी रचना त्याच जलपरंपरेतील आहे. म्हणजे 'लाइन' हा शब्द येण्यापूर्वी अडीचशेहून अधिक वर्षे शहराकडे पाण्याच्या वाटेसाठी स्वतःचा शब्द होता.

आजचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे सुमारे ५० किलोमीटरवरून येते. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाच्या नाथसागर जलाशयापेक्षा शहर उंचावर आहे. त्यामुळे पाणी उपसून, फारोळा येथे शुद्ध करून, पुढे नक्षत्रवाडीमार्गे शहरात चढवावे लागते. ७०० आणि १२०० मिलिमीटर व्यासाच्या दोन वाहिन्यांवर शहराने अनेक वर्षे काढली. वाढत्या वस्तीला त्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्यांच्या शेजारून आणखी एक वाहिनी टाकण्याची योजना पुढे आली. तिचे नाव होते समांतर जलवाहिनी. खासगी भागीदारीतून ती राबविण्याचा करार झाला आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्या काळात शहराने व्याकरणात एक भर घातली. 'समांतर' हे विशेषण आपले नाम सोडून स्वतःच नाम झाले. 'समांतर कधी येणार?', 'समांतरचे काय झाले?' असे प्रश्न चहाच्या टपरीपासून महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपर्यंत विचारले गेले आणि कोणालाही ते खुलासा करून सांगावे लागले नाहीत. पुढे २०१९ मध्ये १,६८० कोटी रुपयांची नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली. तिचा खर्च नंतर २,७४० कोटींवर गेला आणि तिच्यातील मुख्य वाहिनीचा व्यास २,५०० मिलिमीटर ठरला. एवढ्या नळात मोठा माणूस सरळ उभा राहू शकतो.

नागरिकांच्या भाषेत मात्र या साऱ्या लहान-मोठ्या वाहिन्या 'लाइन'च. धरणापासून येणारी मुख्य वाहिनी, जलकुंभापासून वसाहतीकडे जाणारी वितरण वाहिनी आणि रस्त्यातील नळापासून घरापर्यंत आलेली जोडणी, या तिन्हींना एकच नाव. 'आमच्या लाइनीला आज पाणी आहे' या वाक्यात तर लाइन म्हणजे नळही नव्हे. एका व्हॉल्व्हवर अवलंबून असलेल्या घरांचा तो गट असतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यालाही लाइनमन म्हणतात आणि विजेच्या खांबावर चढणाऱ्यालाही लाइनमनच. जायकवाडी किंवा फारोळ्याच्या पंपगृहाचा वीजपुरवठा खंडित झाला की शहराचा पाणीपुरवठा कोलमडतो. अशा दिवशी 'लाइन गेल्यामुळे लाइन बंद' हे वाक्य पूर्णपणे बरोबर असते. फक्त पहिली लाइन विजेची आणि दुसरी पाण्याची!

तक्रार करताना या गोंधळाची किंमत मोजावी लागते. 'लाइन फुटली आहे' एवढेच कळविल्यास मुख्य वाहिनी फुटली की वितरण वाहिनी, की एखाद्या घराची जोडणी, हे कळत नाही. मुख्य वाहिनीसाठी अर्ध्या शहराचा उपसा थांबवावा लागतो. वितरण वाहिनीसाठी एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करून भागते. घराची जोडणी ही दुरुस्तीची सर्वांत लहान बाब. तिघांसाठी माणसे, साहित्य आणि लागणारा वेळ वेगवेगळा असतो. दूरध्वनीवरील पहिल्याच वाक्यात ही माहिती मिळाली, तर एक फेरी वाचते आणि वाहून जाणारे पाणीही.

विजेची लाइन : जीवघेणी संदिग्धता

पाण्याच्या बाबतीत वेळ जातो. विजेच्या बाबतीत जीव जातो. मराठवाड्यातील शेतकरी 'या आठवड्यात रात्रीची लाइन आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याला कृषिपंपांना रात्री मिळणारा थ्री फेज वीजपुरवठा अभिप्रेत असतो. भारनियमनाच्या वर्षांनी हा प्रयोग घराघरांत पोहोचविला. लाइन आली, लाइन गेली, लाइन कमी आहे, अशा प्रत्येक प्रयोगात लाइन म्हणजे प्रवाह. पण खांबावरून जाणाऱ्या तारेलाही आपण लाइनच म्हणतो. एकाच शब्दात तार आणि तिच्यातून वाहणारी वीज या दोन्ही गोष्टी एकवटल्या आहेत आणि धोका नेमका येथेच आहे.

'लाइन गेली' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात नकळत असे चित्र उमटते की तार आता निर्जीव आहे. प्रत्यक्षात घरातला दिवा विझणे आणि तारेतील दाब संपणे यांचा एकमेकांशी असा सरळ संबंध नसतो. तीन फेजपैकी एकच फेज गेला, तर त्यावरील घरे अंधारात जातात, मात्र उरलेल्या दोन तारा जिवंत असतात. रोहित्राच्या, म्हणजे ज्याला सर्वजण 'डीपी' म्हणतात त्याच्या, खालच्या बाजूचा फ्यूज उडाला तरी वरच्या बाजूला ११ हजार व्होल्टचा दाब कायम असू शकतो. बिघाड शोधत असताना उपकेंद्रातून पुरवठा कोणत्याही क्षणी पुन्हा सुरू होऊ शकतो. शेजारच्या एखाद्याने चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या जनरेटरमधून उलट दिशेने वीज तारेत येऊ शकते. पाण्याची वेळ टळत असल्याने, पीक वाळत असल्याने आणि कर्मचारी लवकर येत नसल्याने काही शेतकरी स्वतःच डीपीवर फ्यूज टाकायला जातात. 'लाइन नाही' या दोन शब्दांवर ठेवलेला विश्वास अशा वेळी घातक ठरतो.

खांबावर चढणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यासाठी नियम निराळे आहेत. त्याने आधी परवाना, म्हणजे त्यांच्या भाषेतील 'परमिट', घ्यायचा असतो. संबंधित वाहिनी उपकेंद्रातून बंद करून ती अनवधानाने कोणी सुरू करणार नाही, याची तजवीज करायची असते. त्यानंतर तारेत दाब नसल्याची चाचणी घ्यायची आणि तार जमिनीशी जोडायची. एवढे झाल्यावरच ती तार 'बंद' समजायची. रेल्वेच्या 'लाइन क्लिअर'प्रमाणे येथेही 'बंद' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. घरातून पाहणाऱ्याला मात्र पंखा थांबणे हाच बंदचा पुरावा वाटतो. म्हणूनच विजेच्या बाबतीत मराठीतले दोन साधे शब्द वेगळे ठेवणे हिताचे ठरेल: तार ती तार आणि वीज ती वीज. 'वीज गेली' म्हटल्याने तार गेल्याचा भास होत नाही. 'तार तुटून पडली' म्हटल्याने ती तार जिवंत असू शकते, हा सावधपणा उरतो.

'वाहिनी'ने प्रश्न सुटतो का?

इंग्रजी शब्द टाळून शुद्ध मराठी वापरले की संदिग्धता संपेल, असे कोणाला वाटेल. शिवकाळात फारसी शब्दांना पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६२ मध्ये 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. शासनाची परिभाषा मराठीत घडविण्याची ही परंपरा मोलाची आहे. 'लाइन'च्या बाबतीत शासकीय मराठीने 'वाहिनी' हा शब्द स्वीकारला आणि तो अर्थवाही आहे. मात्र त्याचाही विस्तार पाहण्यासारखा आहे. पाण्याची ती जलवाहिनी, विजेची ती वीजवाहिनी, शरीरातील ती रक्तवाहिनी, दूरचित्रवाणीवरील ती वृत्तवाहिनी आणि अंत्ययात्रेसाठी येते ती शववाहिनी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'तील वाहिनी म्हणजे विजेचा फीडर. हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातून एखाद्या वाहनाचा किंवा शेतीविषयक दूरचित्रवाणी वाहिनीचा बोध झाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणजेच अडचण शब्द परका असण्याची नाही. वर उल्लेखिलेल्या मराठी शब्दांपुढे जल, वीज, रक्त, वृत्त अशी पदे जोडलेली आहेत आणि अर्थ नेमका झाला आहे तो त्या पदांमुळे. 'वाहिनी बंद आहे' हे वाक्य 'लाइन बंद आहे' इतकेच संदिग्ध ठरते. उलट 'जलकुंभाकडून येणारी पाण्याची लाइन बंद आहे' या वाक्यात इंग्रजी शब्द असूनही शंकेला जागा उरत नाही. भाषेची शुद्धता आणि नेमकेपणा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी सामान्य नागरिकाच्या रोजच्या उपयोगाची आहे ती दुसरी.

ऑनलाइनसाठी लाइन

या शब्दाचे सर्वांत नवे रूप 'ऑनलाइन' हे आहे. अर्ज ऑनलाइन भरावा, सातबारा ऑनलाइन पाहावा, निकाल ऑनलाइन मिळेल. रांगेतून सुटका करण्यासाठी आलेल्या या व्यवस्थेने नव्या रांगाही निर्माण केल्या. ज्यांच्याकडे संगणक नाही, मोबाइलवर अर्ज भरणे ज्यांना जमत नाही किंवा ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही, त्यांना सेवा केंद्रासमोर उभे राहावेच लागते. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरताना राज्यभर महिलांनी केंद्रांसमोर गर्दी केली होती. 'ऑनलाइनसाठी लाइन लावली' हे वाक्य तेव्हा विनोद म्हणून कोणी उच्चारले नाही. सर्व्हर बंद पडला की खिडकीतून उत्तर मिळते ते हेच: लाइन बंद आहे. या उत्तराने माणूस घरी परततो. उद्या यावे, तासाभराने यावे की दुसऱ्या केंद्रावर जावे, यातले काहीच त्याला कळलेले नसते. मजुरी बुडवून आलेल्याला ही संदिग्धता एका दिवसाच्या रोजगाराला पडते.

'लाइन' हा शब्द मराठीतून काढून टाकावा, असे कोणी म्हटले तरी ते घडणार नाही आणि त्याची गरजही नाही. त्याने मराठीचे लिंग घेतले, प्रत्यय घेतले आणि क्रियापदेही घेतली. गप्पांत, थट्टेत, चौकातल्या बोलण्यात तो आपले काम चोख करतो. मात्र महापालिकेला पत्र लिहिताना, वीज कंपनीकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदविताना किंवा कार्यालयाच्या दारावर फलक लावताना त्याच्या आधी एक शब्द जोडावा: पाण्याची, विजेची, दूरध्वनीची, इंटरनेटची. त्यापुढे जागा सांगावी आणि बिघाड काय आहे तेही सांगावे. फलक लावणाऱ्याने सेवा पुन्हा केव्हा सुरू होईल, याची वेळ लिहावी. आणि खांबावरची तार तुटून पडलेली दिसली, तर घरातील दिवे विझलेले असोत वा नसोत, तिच्यापासून दूर राहावे, इतरांनाही दूर ठेवावे आणि वीज कर्मचाऱ्यांना कळवावे. ती तार बंद आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आणि साधने फक्त त्यांच्याकडेच असतात.